घराकडे पळणारे गाणे

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी नाशिकला भावाच्या घरी गेलो, तर वहिनी दारातच उभ्या. नेहमीचे ‘या, बसा’ नाही, की चहाचे आधण नाही. ओठावर बोट ठेवून त्यांनी आतल्या बंद खोलीकडे खूण केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, जरा ऐका.”

मी ऐकू लागलो. दारामागून एका मुलीचा आवाज येत होता. बारीक, स्वच्छ आणि पहाटेच्या गारव्यासारखा. शब्द इंग्रजी होते, पण उच्चाराची धाटणी इंग्रजांची नव्हे. गाणे संपले, क्षणभर शांतता झाली आणि तेच गाणे पुन्हा सुरू झाले.

“दुपारपासून हेच चाललंय,” वहिनी म्हणाल्या. “मगाशी तिच्या मोबाइलवर नाव वाचलं मी. ‘रनअवे’! म्हणजे पळून गेलेली. भाऊजी, हिच्या मनात काही भलतंसलतं तर नसेल ना?”

भांडणाचे कारण मला ठाऊक होते. पुतणीचा बारावीचा निकाल लागला होता. तिला बडोद्याला जाऊन चित्रकला शिकायची होती. आईचे म्हणणे, जे काय शिकायचे ते घरी राहून शीक. शब्दाने शब्द वाढला आणि दार लागले. ‘गाण्याची चौकशी करतो,’ असे सांगून मी वहिनींची तेवढ्यापुरती समजूत घातली. चौकशी करायला बसलो आणि पाहता पाहता थेट नॉर्वेला जाऊन पोहोचलो.

ऑरोरा म्हणजे पहाट

हे गाणे गाणाऱ्या मुलीचे नाव ऑरोरा आक्सनेस. ऐकून कुणाला पंजाबी आडनाव आठवेल. पण ऑरोरा ही रोमन लोकांची उषादेवी. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री जे हिरवे-जांभळे प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात, त्यांनाही हेच नाव आहे.

ही ऑरोरा १९९६ साली स्टाव्हांगर ह्या बंदराच्या शहरी जन्मली आणि बर्गेनच्या दक्षिणेस ओस नावाच्या लहानशा गावी वाढली. नॉर्वेचा हा पश्चिम किनारा म्हणजे समुद्राने जमिनीत खोलवर घातलेल्या बोटांचा प्रदेश. ह्या लांबट खाड्यांना तिकडे फ्योर्ड म्हणतात. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये काळेशार पाणी आणि वर बहुतेक वेळा पाऊस. बर्गेनला वर्षाकाठी सव्वादोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ आपल्या मुंबईइतकाच. फरक इतकाच, की मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गेन वर्षभर पुरवून पुरवून भिजते!

अशा गावी, घरातल्या पियानोशी खेळता खेळता ही पोर गाणी रचू लागली. ‘रनअवे’ रचले तेव्हा ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. गाणी लोकांपुढे न्यावीत, ही हौस तिला नव्हती. पुढे तिचा आवाज बाहेर कानांवर पडला आणि विचारणा झाली, तेव्हाही ती मागेच सरत होती. तिने मुलाखतींतून सांगितले आहे, की आईने तिला समजावले: जगात कुणाला तरी ह्या गाण्यांची गरज असेल. त्या एका गोष्टीने तिचे मन वळले. ‘रनअवे’ २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि २०१६ च्या तिच्या पहिल्या संग्रहात आले.

गाण्यात आहे तरी काय? समुद्र आहे, वाळू आहे, हाती आले असे वाटताच निसटणारे काहीतरी आहे. एक मुलगी आहे. ती कशापासून तरी पळत सुटली आहे. नावावरून आपण समजतो, की ही घर सोडून पळणारी. पण ध्रुवपद येते आणि सारा अर्थ पालटतो. तिची विनवणी एकच, मला घरी न्या. वहिनींनी ज्या गाण्याच्या नावाची धास्ती घेतली, ते गाणे घरापासून पळण्याचे नव्हेच. ते घराकडे पळण्याचे आहे. घर कोणते, कुठले, हे मात्र ते सांगत नाही.

अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे कसे सुचले, ह्याचे नवल वाटते. पण ती ज्या किनाऱ्यावर वाढली त्याचा इतिहास वाचला, की ते नवल थोडे ओसरते.

बावन्न निघाले, त्रेपन्न पोहोचले

ऑरोराच्या जन्मगावाहून, त्याच स्टाव्हांगरहून, १८२५ च्या जुलै महिन्यात ‘रेस्टोरेशन’ नावाचे एक चिमुकले गलबत अमेरिकेकडे निघाले. त्यावर बावन्न माणसे होती. चौदा आठवडे समुद्राशी झुंजून ती न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा त्रेपन्न झाली होती, कारण वाटेत एक मुलगी जन्मली! एवढ्याशा गलबतात इतकी माणसे आणली म्हणून बंदरावरच दंड ठोठावण्यात आला. अखेर राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स ह्यांनी माफी दिली.

ही सुरुवात होती. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन माणसांनी देश सोडला. १८०१ च्या शिरगणतीत त्या देशाची सारी लोकसंख्या नऊ लाखांच्याही आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे वजन कळते. कारण उघड होते. देशातली शेकडा तीनच्या आसपास जमीन काय ती लागवडीची. बाकी डोंगर, जंगल आणि बर्फ. शेत वडील मुलाकडे जाई आणि धाकट्यांपुढे समुद्र उरे. मग अमेरिकेहून पत्रे येत, एकेक पत्र गावभर वाचले जाई आणि आणखी चार तरुण बोचकी बांधत. पुष्कळजण परतलेही. जे परतले नाहीत, त्यांची नातवंडे-पतवंडे आजही आजोबा-पणजोबांच्या गावाचे नाव शोधत नॉर्वेला येतात. ह्या प्रवासाला २०२५ साली दोनशे वर्षे झाली, तेव्हा त्याच बांधणीचे एक गलबत स्टाव्हांगरहून पुन्हा अमेरिकेकडे निघाले.

प्रकाशाच्या बेटावरचा वादक

ऑरोराच्या ओस गावाच्याच हद्दीत, फ्योर्डच्या पाण्यात, एक बेट आहे. त्याचे नाव लिसोएन, म्हणजे प्रकाशाचे बेट. ह्या बेटाचा धनी होता ओले बुल. १८१० साली बर्गेनला जन्मलेला हा व्हायोलिनवादक आपल्या काळी युरोप-अमेरिकेत कमालीचा गाजला. पण नुसते वाजवून त्याचे समाधान होईना. १८५२ मध्ये त्याने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात जमीन घेऊन आपल्या गरीब देशबांधवांसाठी वसाहत काढली आणि तिचे नाव ठेवले ओलेआना. जमीन निघाली डोंगराळ, व्यवहारात झाला घोटाळा आणि वर्ष-दीड वर्षात वसाहत मोडली. मायदेशी तर तिची थट्टा करणारे एक गाणेच निघाले!

नवे नॉर्वे उभारायला निघालेला हा माणूस शेवटी जुन्या नॉर्वेलाच परतला. १८७३ मध्ये त्याने लिसोएन बेटावर घुमटाकार मनोऱ्याचे, नक्षीदार लाकडी घर बांधले आणि १८८० साली तिथेच डोळे मिटले. त्याच्या अमेरिकन पत्नीची कथा आपल्याला अधिक जवळची. सारा बुल पुढे स्वामी विवेकानंदांच्या शिष्या झाल्या. स्वामीजी त्यांना ‘धीरामाता’ म्हणत. १८९८ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि बेलूर मठाच्या उभारणीला त्यांनी मोठे साहाय्य केले. पती घराकडे परतला आणि पत्नीला आपल्या मनाचे घर सात समुद्रांपलीकडे गवसले. एकाच संसारातल्या ह्या दोन वाटा!

दार लावून गेलेली नोरा

आपली आणि नॉर्वेची ओळख मात्र त्याहून निराळ्या वाटेने झाली. ती झाली रंगभूमीवर. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाला नवे वळण दिले. ते ब्योर्नसन ह्या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर बेतलेले होते. ह्याच ब्योर्नसनने नॉर्वेचे राष्ट्रगीत लिहिले. पुढे अनंत काणेकरांनी इब्सेनचे नाटक ‘घरकुल’ ह्या नावाने मराठीत आणले. १८७९ च्या त्या मूळ नाटकात नोरा नवऱ्याचे घर सोडून जाते आणि तिच्यामागे दार बंद होते. त्या दाराचा आवाज साऱ्या युरोपात घुमला.

पण ह्याच इब्सेनने बारा वर्षे आधी, १८६७ मध्ये, ‘पेर ग्युंट’ लिहिले. त्यातला पेर घर सोडून मोरोक्को, इजिप्त असे अर्धे जग पालथे घालतो आणि म्हातारपणी परत येतो, तो डोंगरातल्या झोपडीत त्याची वाट पाहत बसलेल्या सोल्व्हेगकडे. गंमत अशी, की हे नाटक इब्सेनने लिहिले इटलीत बसून. तो १८६४ साली देशाबाहेर पडला, तो १८९१ मध्ये कायमचा परतला. सत्तावीस वर्षे दूर राहून तो लिहीत राहिला, ते बहुतेक नॉर्वेविषयीच!

दोन ओढी, एक शब्द

नॉर्वेजियन भाषेत दोन सुरेख शब्द आहेत. ‘येमलेंग्सल’ म्हणजे घराची ओढ. ‘ऊतलेंग्सल’ म्हणजे बाहेरची ओढ. ‘येम’ म्हणजे घर, ‘ऊत’ म्हणजे बाहेर. पण ‘लेंग्सल’, ती ओढ, दोहोंत एकच. त्या लोकांनी जणू जाणले, की माणसाला बाहेर खेचणारी आणि परत आणणारी दोरी एकच असते. ताण कोणत्या टोकाला आहे, एवढाच प्रश्न. ऑरोराच्या गाण्यात ही दोन्ही टोके एकाच वेळी ताणलेली आहेत. म्हणूनच ते इतके लागते.

आणि ते लागले, ते नॉर्वेच्या पलीकडेही. अमेरिकेतल्या एका मुलीने ते लहानपणी ऐकले आणि आपणही गावे असे तिच्या मनाने घेतले. ती मुलगी म्हणजे आजची प्रसिद्ध गायिका बिली आयलिश. हे तिने स्वतःच सांगितले आहे. प्रसिद्धीनंतर सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ते मोबाइलवरच्या छोट्या छोट्या चित्रफितींतून अचानक जगभर पसरले. ते वर्ष महामारीचे. कुणी घरात कोंडलेले, कुणी घरापासून दूर अडकलेले. दोघांनाही एकच गाणे आपले वाटावे, ह्यात नवल ते काय?

आपल्या घरोघरच्या मुलींनी ऑरोराचा आवाज बहुधा आधीच ऐकलेला आहे. २०१९ च्या ‘फ्रोझन’च्या दुसऱ्या भागात राजवाड्यात सुखाने राहणाऱ्या एल्साला एक अनोळखी आवाज रात्री दूरवरून साद घालतो आणि ती घराबाहेर पडते. ती साद ऑरोराचीच. एका गाण्यात घरी न्या म्हणणारी ही मुलगी दुसऱ्यात घराबाहेर बोलावते! आणि चित्रपट पाहिलेल्यांना हेही ठाऊक आहे, की त्या सादेमागे गेलेल्या एल्साला शेवटी आपले खरे ठिकाण सापडते.

दार उघडले

हे सारे मी वहिनींना सांगितले. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग ती मुलगी पोचते का हो घरी, शेवटी?”

“गाणं ते सांगत नाही, वहिनी.”

त्यांना ते फारसे आवडले नाही.

मग पुतणीला विचारले. म्हणालो, “काय ग, पळून जायचा बेत होता की काय?” ती हसली. म्हणाली, “काका, पळायचं असतं तर गाणं एवढ्या मोठ्यानं लावलं असतं का?”

मला एकदम उमगले. दुपारभर ती पोर दारामागून आईलाच काहीतरी सांगत होती. आई ऐकतही होती. फक्त गाण्याच्या नावाशीच अडून बसली होती. आपणही मुलांच्या बाबतीत पुष्कळदा असेच करीत नाही का?

रदबदली करायला मी होतोच, आणि भाऊही मनातून मुलीच्याच बाजूचा. जुलैत पुतणी बडोद्याला गेली. निघताना वहिनींनी लाडूंचे दोन डबे दिले आणि गाडी हलेपर्यंत सूचना दिल्या. डोळ्यांना पदर लावला तो नंतर. आता दिवाळीला ती येते आहे. धनत्रयोदशीच्या पहाटे गाडी पोहोचते. भाजणी दळून झाली आहे आणि आकाशकंदील तिने करायचा म्हणून वहिनींनी नुसत्या काड्या आणि कागद आणून ठेवले आहेत.

गेल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास वहिनींचा फोन आला. आधी इकडचे तिकडचे विचारले. मग जरा थांबून म्हणाल्या, “भाऊजी, त्या नॉर्वेच्या मुलीचं गाणं मोबाइलवर कसं लावायचं हो? हे झोपलेत. आणि तिची खोली फारच गप्प वाटते.”