अपंग विद्यार्थी आणि शास्त्राची उन्हाळी उमेदवारी

सुताराचा मुलगा सुतारकाम पुस्तकांतून शिकत नसे. तो प्रथम भुसा झाडी, मग रंधा धरी, आणि कांहीं वर्षें उस्तादाच्या हाताखालीं काढल्यावर स्वतः चौकट जोडूं लागे. या शिक्षणास आपल्याकडे उमेदवारी म्हणतात. शास्त्र व यंत्रविद्या यांची गोष्टही निराळी नाहीं. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत हायस्कुलांतील होतकरू मुलांना उन्हाळ्याच्या सुटींत विद्यापीठांत किंवा कारखान्यांत कांहीं आठवडे प्रत्यक्ष काम करावयास बोलावण्याचा प्रघात पडला आहे.

परंतु ज्यास दिसत नाहीं, ज्यास ऐकूं येत नाहीं, किंवा जो चाकांच्या खुर्चींतून शाळेंत येतो, अशा मुलाच्या वांट्यास प्रयोगशाळेंत बहुधा एकच काम येतें : दुसरा प्रयोग करीत असतां जवळ बसून राहण्याचें. हात न लावतां शिकलेलें शास्त्र केवळ तोंडपाठ राहतें, आणि पुढें महाविद्यालयाच्या दाराशीं आल्यावर तो मुलगा आपण होऊनच दुसरी वाट धरतो. बुद्धि असूनही ती अशा रीतीनें वायां जाते. ही हानि टाळण्यासाठीं अमेरिकेंत जे प्रयत्न झाले, त्यांची थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखाचा हेतु आहे.

सिॲटल शहरांतील वॉशिंग्टन विद्यापीठांत १९९२ सालीं, नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या द्रव्यसाहाय्यानें, ‘डू-इट’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. डॉ. शेरिल बर्गस्टॅलर या त्याच्या संस्थापिका होत. अपंगत्व, संधि, संगणकांचें जाळें आणि तंत्रविद्या या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन हें नांव बनविलें आहे; पण ऐकणारास तो सरळ ‘करून दाखव’ असा हुकूमच वाटतो. निवडलेलीं मुलें उन्हाळ्यांत विद्यापीठाच्या वसतिगृहांत येऊन राहत, व्याख्यानें ऐकत आणि प्रयोगशाळांत स्वतः काम करीत. ज्यास जें साधन हवें तें जोडलेला संगणक त्यास घरीं वापरावयास मिळे. सुटी संपली तरी संबंध तुटत नसे. वर्षभर विद्युत्पत्रानें वडीलधाऱ्या मार्गदर्शकांशीं विचारविनिमय चाले. आणि या मार्गदर्शकांपैकीं कित्येक स्वतः अपंग असून शास्त्रज्ञ किंवा इंजिनियर झालेले असत. पुढील उन्हाळ्यांत तींच मुलें पुन्हा येत, आणि तिसऱ्या पायरीवर नव्या मुलांना वाट दाखविण्याचें काम त्यांजकडे येई. याच धर्तीवर २००७ सालीं जपानांत टोकियो विद्यापीठांतही उपक्रम निघाला.

येथें वसतिगृहाचें महत्त्व लक्षांत घेण्याजोगें आहे. घरीं आई ताट वाढून देते, भाऊ दप्तर उचलतो. सर्व कांहीं प्रेमानें होतें, पण मुलगा परावलंबी राहतो. परक्या ठिकाणीं मात्र आपल्याला नक्की काय हवें हें त्याला स्वतः सांगावें लागतें. ‘मला दया नको, टेबल थोडें खालीं हवें,’ असें न लाजतां सांगतां येणें हें उमेदवारीचें पहिलें फळ होय.

आतां असा प्रश्न येतो कीं, दृष्टि नसतां प्रयोग व्हावा कसा ? याचें उत्तर साधनांत आहे. पिचकारीच्या दांड्यास ठराविक अंतरावर खांचा पाडिल्या म्हणजे बोटानें चांचपून द्रव अचूक मोजतां येतो. बोलणारा उष्णमापक व बोलणारा तराजू आंकडे मोठ्यानें सांगतात. रंग बदलला कीं सूर बदलणारें यंत्रही असतें. आलेख उठावदार रेषांनीं काढिला म्हणजे हातास वाचतां येतो. बधिर मुलासाठीं घंटेऐवजीं दिवा लावितां येतो, आणि खुणांची भाषा जाणणारा दुभाषी जवळ असला म्हणजे व्याख्यानही समजतें. खुर्चींत बसणारासाठीं अमेरिकन नियमाप्रमाणें टेबलाचा पृष्ठभाग २८ ते ३४ इंच उंचीवर असावा लागतो, व खालीं गुडघ्यांस जागा ठेवावी लागते. यांतील पुष्कळशीं साधनें साधा सुतारही करूं शकेल.

आम्ल आणि अग्नि यांजपाशीं अशा मुलांस नेणें धोक्याचें आहे, ही शंका कोणी घेईल. ती अगदींच निराधार नाहीं. पण प्रयोगशाळेंत अपघात बहुधा घाई व निष्काळजीपणा यांमुळें होतात, आणि ते दोष डोळसांतही असतात. जागेची आधीं नीट ओळख, प्रत्येक वस्तूस ठरलेलें स्थान आणि जोडीला एक सोबती, एवढी व्यवस्था सर्वांसच हितकर आहे.

फळ काय मिळालें, हेंही पाहूं. २००४ च्या उन्हाळ्यांत कांहीं अंध हायस्कूल विद्यार्थ्यांनीं नासाच्या वॉलप्स येथील तळावरून एक लहान अग्निबाण उडविला. पोर्टो रिको बेटांतील वांडा दियाझ-मर्सेद या बाईंची दृष्टि पदार्थविज्ञान शिकत असतांनाच गेली. २००५ च्या सुमारास नासाच्या गॉडर्ड केंद्रांत उमेदवारी करितां त्यांना ताऱ्यांविषयींचे आंकडे नादांत रूपांतरित करण्याची विद्या मिळाली. आणि आकाश ऐकून त्या ज्योतिःशास्त्राचें संशोधन करूं लागल्या. बाळपणींच अंध झालेले जीरट व्हर्मी यांनीं तर शिंपल्यांवरील मोडलेल्या व पुन्हा सांधलेल्या खुणा बोटांनीं वाचून, भक्षक व भक्ष्य यांच्या युगानुयुगांच्या झुंजीचा इतिहास उलगडला. डोळसांच्या नजरेंतून सहज निसटणारी खूण त्यांच्या बोटांस सांपडली, हें विसरतां येत नाहीं.

आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं मिस ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं अमृतसर येथें काढिली, आणि १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं मुंबईंत तशीच शाळा उघडली. तेव्हां वाचन व हस्तव्यवसाय मिळाले. आज २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून, सरकारी व अनुदान मिळणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत निदान शेंकडा ५ जागा राखून ठेविल्या आहेत. पण जागा राखली तरी तिजवर बसणारा विद्यार्थी शाळेंतूनच वर यावा लागतो. ज्याला आठव्या इयत्तेंत परीक्षानळी हातांत मिळाली नाहीं, तो त्या जागेचें काय करील ?

विद्यार्थिमित्रांनो, जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें. प्रभूनें तो प्रश्नच बाजूस सारिला, आणि दिवस आहे तोंवर करावयाच्या कामाकडे त्यांचें लक्ष वेधलें. आपणही तेंच करावें. वर्गांत असा सोबती असेल, तर पुढील प्रयोगाच्या वेळीं त्याला केवळ निकाल सांगूं नका. नळी त्याच्या हातीं द्या, आणि त्याला काय हवें तें त्यालाच विचारा.