वाक्स्तंभाचा रुग्ण : उत्तर कोण देते?

पक्षाघाताच्या रुग्णाचा हात किती उचलला जातो, पाऊल कसे पडते, हे आपण वैद्यगण प्रत्येक भेटीत पाहतो. इतर चौकशी मात्र बहुधा नातेवाइकांकडेच होते. आमच्याकडूनही हा प्रमाद घडला. उजव्या अंगाच्या पक्षाघातानंतर एक निवृत्त शिक्षक चिकित्सेसाठी येत असत. "झोप लागते का?" असे आम्ही त्यांना विचारीत असू, उत्तर त्यांच्या पत्नी देत आणि आम्ही ते लिहून घेत असू. एकदा त्या औषधे घेण्यास बाहेर गेल्या असता आम्ही तोच प्रश्न विचारून थांबलो. ओठ हलले, डावा हात मेजावर आपटला आणि बऱ्याच वेळाने शब्द आला, "नाही." सहा महिने केसपेपरवर 'निद्रा सम्यक्' अशी नोंद होती.

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत पक्षवधासह वाक्स्तंभ सांगितला आहे आणि वाक्प्रवृत्ती हे उदानाचे कर्म होय, हे आपण जाणतोच. पॅरिस येथे १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वर्णिलेला रुग्ण एकच अक्षर उच्चारी, परंतु बोललेले त्याला बरेचसे समजत असे. आकलन सर्वांचे सारखे राहत नाही, हे खरे. तथापि वाणी गेली म्हणजे बुद्धी गेली, असे मानू नये.

घरच्या मंडळींचा मोठा गैरसमज आरतीमुळे होतो. पाणी मागता न येणारा रुग्ण सर्वांबरोबर आरती म्हणतो. मग "मनात आणले तर बोलतात" असा ठपका त्याच्यावर येतो. पाठांतर आणि गायन यांचा मेंदूतील मार्ग काहीसा निराळा आहे. या भेदाच्या आधारे १९७३ साली बोस्टन येथे सुरावर शब्द बसविण्याची चिकित्सापद्धती मांडली गेली.

औषधालयचालकांनाही एक विनंती. सारस्वतारिष्ट न्यावयास आलेल्या मुलाला "महिन्यात बोलू लागतील" असे कदापि सांगू नये. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, परंतु वर्षांनंतरही थांबतेच असे नाही. वाक्-चिकित्सकाची जोड हवीच. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे. काढा घेताना ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करवावी.

त्या शिक्षकांच्या पत्नीस आम्ही सुचविले, की प्रश्न एका वेळी एकच विचारावा, दूरदर्शन बंद ठेवावे आणि अडलेला शब्द लगेच पुरवू नये. "त्यांची ती धडपड बघवत नाही हो," असे त्या म्हणाल्या. आता त्या पदराखाली बोटांवर दहा आकडे मोजतात. केसपेपरवर आम्ही दोन रकाने केले आहेत : रुग्णाचे उत्तर आणि नातेवाइकांचे. ती नेहमी जुळतातच असे नाही.