तान्ह्या बाळाचा बाप आणि टिळकांचं घर

वाढवणला पावसाळी मासेमारीबंदी लागली की होड्या किनाऱ्यावर चढतात आणि हातातला पैसा आटतो. यंदा नेमका त्यातच आमच्याकडे पाळणा हलला. रात्री दीड वाजता लाइट गेलेली, खांद्यावर रडणारं बाळ, मी येरझाऱ्या घालतोय. प्रार्थनेला शब्द सुचेनात, मग पाठीवर थोपटणं हीच प्रार्थना झाली. तेव्हा रेव्हरंड टिळक आठवले.

नारायण वामन टिळक म्हणजे 'फुलामुलांचे कवी', एवढंच शाळेत कळतं. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तू अगदी लहान होता. श्रद्धा मिळाली आणि घर तुटलं! पत्नी लक्ष्मीबाई मुलासह वेगळ्या राहिल्या, काही वर्षं. पुढे संसार पुन्हा जुळला, लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. म्हणूनच त्यांची ख्रिस्ती भजनं अभंगाच्या चालीत आहेत, मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. मला मात्र जास्त भावतात ते घरातले टिळक: घरात पैसा टिकू न देणारे, चटकन चिडणारे, तितक्याच चटकन विरघळणारे. संत वगैरे नाही, आपल्यासारखाच गोंधळलेला बाप.

हे सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि वाचताना हसू आवरत नाही. नव्या बाबांनो, जरूर वाचा. बाळ झोपलं की पाच पानं होतात. आमच्याकडे तेवढीच होतात.