पावसाची तारीख

कोलाडच्या माणसाला पाण्याचे घड्याळ चांगले ठाऊक असते. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटले की कुंडलिका फुगते, आणि तिकडे ताम्हिणीच्या डोंगरात पाऊस झोडपू लागला की इकडे काठावरचा माणूस नदीकडे डोळे लावून बसतो. आज या साऱ्या नोंदी संगणकात ठेवता येतात. त्यांचा साठा म्हणजे डेटाबेस, आणि त्या साठ्याला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. प्रश्न साधाच असतो : "२६ जुलैला पाऊस किती झाला?" पण मोठी गंमत अशी, की या प्रश्नातला सगळ्यांत अवघड शब्द "पाऊस" नव्हे, "२६ जुलै" हा आहे.

कसा तो पाहा. आपला दिवस मध्यरात्री सुरू होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि मोजणी ज्या सकाळी होते त्या तारखेवर पाऊस मांडला जातो. २००५ साली मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला बहुतेक २६ जुलैच्या दुपारी व संध्याकाळी कोसळला. पण तो आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे.

आता समजा, एका तक्त्यात असा रोजचा पाऊस आहे आणि दुसऱ्या तक्त्यात नदीची पातळी, पण ती घड्याळाच्या तारखेने. कोणी दोन्ही तक्ते तारखेला तारीख लावून जुळवले, तर काय दिसेल? दुपारी पाऊस पडला, रात्री नदी चढली. पण पातळीवर तारीख २६ आणि पावसावर २७! म्हणजे पाऊस पडण्याआधीच पूर आला, असा निकाल. संगणक हसत नाही, आकडे निमूटपणे मांडतो. म्हणून पहिला नियम : रकान्यातली तारीख कशाची आहे, दिवस कधी सुरू होतो, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी अडचण प्रमाण वेळेची. भारतीय प्रमाण वेळ १९०६ पासून चालू झाली, तरी मुंबईत पुढे कित्येक वर्षे स्थानिक वेळही चालत होती. एका शहरात दोन घड्याळे! संगणकातही तसेच होते. पुष्कळ स्वयंचलित यंत्रे जागतिक वेळेने नोंद करतात, आणि ती आपल्या मागे साडेपाच तास असते. आपल्याकडे २७ तारखेच्या पहाटेचे दोन वाजले, की तिकडे २६ तारखेचे रात्रीचे साडेआठच झालेले असतात. तेव्हा नोंद कोणत्या घड्याळाची, हे नोंदीतच लिहिलेले हवे. आणि दिवस पाडण्याआधी वेळ आपल्या घड्याळात आणून घ्यावी.

तिसरी चूक महिन्याच्या टोकाला होते. "१ जुलै ते ३१ जुलै" असे 'बिटवीन' या शब्दाने विचारले, आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असली, तर संगणक ३१ जुलै म्हणजे त्या तारखेची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटे, असे समजतो. पुढचा सबंध दिवस गळतो! शेताचा बांध जसा एकाच बाजूच्या मोजणीत धरावा, तसे इथे करावे. १ जुलैच्या मध्यरात्रीपासून, ती धरून. आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत, ती सोडून. महिना तीसचा असो की एकतीसचा, काही गळत नाही आणि दोनदाही मोजले जात नाही.

तारीख केवळ मजकूर म्हणून लिहून ठेवणे हेही घातक. दिवस आधी लिहिला तर "०२-०८-२००५" हे "२६-०७-२००५" च्या अगोदर लागते, कारण संगणक पहिले अक्षर पाहतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला तर क्रम आपोआप बरोबर येतो. त्याहून बरे म्हणजे तारखेसाठी तारखेचाच रकाना ठेवावा.

आणि नुसती वेळ कधी वजा करू नये. कोकण रेल्वेची एखादी गाडी रात्री २३:५० ला एक स्थानक सोडते आणि ०१:२० ला दुसरे गाठते, असे समजा. नुसत्या वेळा वजा केल्या तर ती निघण्याआधीच पोचलेली दिसेल. तारीख व वेळ जोडीने ठेवली, की दीड तास हे उत्तर सरळ मिळते.

या गोष्टी बारीक वाटतात खऱ्या. पण २००५ च्या त्याच जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसे गेली. डोंगरातल्या पावसानंतर खाली पाणी चढायला किती तास लागतात, हे उद्या कोणी जुन्या नोंदींवरून काढू पाहील. त्या उत्तरावर काठच्या लोकांनी घरे केव्हा सोडायची ते ठरेल. तिथे एका दिवसाची चूक ही हिशेबाची चूक राहत नाही.