फळमाशीच्या डोळ्यातील स्पर्धा : दुबळ्या पेशीचे भवितव्य शेजारी का ठरवतात?

नवी दिल्ली : पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी फळमाशी जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची असते. तिचा डोळा घडत असताना रायबोसोममधील प्रथिने कोणती भूमिका बजावतात, या प्रश्नाच्या अभ्यासात पीएच.डी.चे विद्यार्थी उमेदीची अनेक वर्षे घालवतात. वरकरणी अतिशय मर्यादित वाटणाऱ्या या विषयातून जीवशास्त्रातील एक मूलभूत कोडे पुढे आले आहे. आसपासच्या सर्वच पेशी सारख्याच दुबळ्या असतील, तर दुबळी पेशी जगते. मात्र, सुदृढ पेशींचा शेजार मिळताच ती नष्ट होते. असे का घडते?

रायबोसोम आणि ‘मायन्यूट’ माश्या

प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने तयार करण्याचे काम रायबोसोम करतात. जनुकातील संदेश वाचून अमिनो आम्ले क्रमाने जोडणारी ही यंत्रणा स्वतः आरएनए आणि सुमारे ८० प्रथिनांची बनलेली असते. तिची रचना आणि कार्य उलगडून दाखवल्याबद्दल तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन, तसेच टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक जनुकांच्या पेशीत दोन प्रती असतात. एक आईकडून, दुसरी वडिलांकडून आलेली. त्यांपैकी एक निकामी झाली, तरी सहसा फारसे बिघडत नाही. रायबोसोमची प्रथिने घडवणारी बहुतांश जनुके मात्र याला अपवाद आहेत. त्यांची एकच प्रत शिल्लक असलेली माशी जगते. पण तिची वाढ रेंगाळते आणि अंगावरील राठ केस आखूड व बारीक राहतात. या केसांवरूनच अशा माश्यांना ‘मायन्यूट’, म्हणजे सूक्ष्म, हे नाव पडले. अमेरिकी शास्त्रज्ञ कॅल्विन ब्रिजेस आणि टॉमस हंट मॉर्गन यांनी १९२३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या दोषाचे मूळ रायबोसोमच्या प्रथिनात असल्याचा थेट पुरावा मिळण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

त्याच्या दहा वर्षे आधी, १९७५ मध्ये, खिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले होते. माशीच्या घडणाऱ्या पंखात ‘मायन्यूट’ आणि सामान्य पेशी शेजारी शेजारी वाढवल्यास ‘मायन्यूट’ पेशी हळूहळू नाहीशा होत. संपूर्ण माशीच ‘मायन्यूट’ असेल, तर याच पेशींपासून धडधाकट पंख तयार होई. या घटनेला ‘पेशी-स्पर्धा’ असे नाव मिळाले.

डोळाच का?

फळमाशीचा संयुक्त डोळा ७५० ते ८०० नेत्रिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश ओळखणाऱ्या आठ पेशी असतात. अळीच्या शरीरात हा डोळा पेशींच्या एका पातळ चकतीच्या रूपात असतो. या चकतीवर मागील कडेपासून पुढे सरकणारी एक खाच उमटते आणि ती सरकत असताना मागे नेत्रिकांच्या शिस्तबद्ध रांगा मांडल्या जातात. रचना इतकी नेमकी असते की एखाद्या रांगेत किंचित बिघाड झाला, तरी तो सूक्ष्मदर्शकाखाली लगेच लक्षात येतो. शिवाय, प्रयोगशाळेतील काचनळीत माशी डोळ्यांविना जगू शकते व प्रजननही करू शकते. त्यामुळे शरीरातील अन्य अवयवांत जीवघेणे ठरतील असे बदल डोळ्यात घडवून त्यांचा परिणाम पाहता येतो.

डोळ्याचा लाल रंग हे या अभ्यासाचे आणखी एक साधन. न्यूयॉर्कमधील अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात निकोलस बेकर यांच्या प्रयोगशाळेने त्याचा कौशल्याने उपयोग केला. रायबोसोमच्या एका प्रथिनाचे जनुक आणि लाल रंग देणारे जनुक एकत्र जोडून माशीत बसवण्यात आले. पेशींची वाटणी होताना काही पेशींना ही जोडी मिळत नसे. अशा पेशी एकाच वेळी दुबळ्या आणि पांढऱ्या होत. सुदृढ लाल पेशी त्यांना हटवत असल्याने पूर्ण वाढलेल्या माशीचा डोळा जवळपास लालच दिसे. त्यानंतर रसायनाच्या साह्याने जनुकांत बदल घडवलेल्या असंख्य माश्या तपासण्यात आल्या. ज्या माशीच्या डोळ्यात पांढरे ठिपके टिकून राहिले, तिच्यात स्पर्धेसाठी आवश्यक असलेले एखादे जनुक बिघडले असणार, असा यामागील तर्क होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाळणीतूनच पुढे दोन महत्त्वाची जनुके हाती लागली : ‘आरपीएस१२’ आणि ‘एक्सआरपी१’.

उणीव नव्हे, संदेश

या दोन जनुकांनी जुनी समजूत बदलली. रायबोसोम कमी, म्हणून प्रथिने कमी, म्हणून वाढ मंद, असे सरळ गणित पूर्वी मांडले जात असे. प्रत्यक्षात रायबोसोमचे एखादे प्रथिन कमी पडताच ‘आरपीएस१२’ या दुसऱ्या रायबोसोम प्रथिनाच्या मध्यस्थीने ‘एक्सआरपी१’ सक्रिय होते आणि तेच प्रथिननिर्मिती व वाढ यांना लगाम घालते, असे २०१८ मधील संशोधनातून दिसून आले. ‘एक्सआरपी१’ काढून टाकल्यास त्याच दुबळ्या पेशींची प्रथिननिर्मिती सुधारते आणि सुदृढ शेजाऱ्यांच्या गर्दीतही त्या तग धरतात. याचा अर्थ, पेशी केवळ कच्च्या मालाच्या टंचाईमुळे मागे पडत नाही. स्वतःतील दोष ओळखून ती माघार घेते.

हे चित्र अद्याप पूर्ण झालेले नाही. ब्रिटनमधील दोन संशोधक गटांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, अशा पेशींत सदोष प्रथिने साचतात आणि त्या ताणाचाही पराभवात वाटा असतो. शेजारची पेशी हा दुबळेपणा नेमका कशी ओळखते, हा प्रश्नही खुला आहे.

माणसाशी नाते

रायबोसोम प्रथिनांच्या जनुकाची एक प्रत निकामी झाल्याने माणसालाही आजार होतो. ‘डायमंड-ब्लॅकफॅन अॅनिमिया’ या दुर्मीळ विकारात बाळाच्या अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशी पुरेशा तयार होत नाहीत. त्याच्याशी संबंधित पहिले जनुक, ‘आरपीएस१९’, १९९९ मध्ये सापडले. त्यानंतर अशा २० हून अधिक जनुकांचा शोध लागला. स्टिरॉइड औषधे, वारंवार रक्त देणे किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांवर या मुलांचे उपचार अवलंबून असतात. प्रत्येक पेशीला लागणारी यंत्रणा बिघडली असताना आघात प्रामुख्याने रक्तावरच का होतो, याचा उलगडा करताना पेशीच्या अंतर्गत प्रतिसादाचा विचार अपरिहार्य ठरतो.

दुसरा दुवा गुणसूत्रांच्या दोषांशी जोडलेला आहे. रायबोसोम प्रथिनांची जनुके बहुतेक सर्व गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. त्यामुळे विभाजनात गुणसूत्राचा मोठा तुकडा हरवला, तर यांपैकी एखादे जनुकही हरवण्याची शक्यता असते. माशीच्या शरीरात अशा पेशी स्पर्धेतून बाद होतात. ही जणू सदोष पेशी वेळीच वेगळ्या काढण्याची व्यवस्था होय. गुणसूत्रांची अशी गडबड कर्करोगाच्या पेशींत सर्रास आढळते, हे लक्षात घेता या व्यवस्थेचे महत्त्व स्पष्ट होते.

तथापि, माशीचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. ‘एक्सआरपी१’चे थेट प्रतिरूप माणसात नाही, सस्तन प्राण्यांत रायबोसोमच्या दोषाला मिळणाऱ्या प्रतिसादात ‘पी५३’ हे प्रथिन प्रमुख असते. मात्र, रायबोसोमच्या दोषातून उद्भवणारी पेशी-स्पर्धा २००४ मध्ये उंदरांतही दिसून आली आहे.

संथ, चिवट काम

२५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास सुमारे दहा दिवस लागतात. एका संकराचे फलित पाहण्यासाठी दोन आठवडे थांबावे लागते आणि हवे ते तीन-चार जनुकीय बदल एकाच माशीत आणण्यासाठी असे अनेक संकर करावे लागतात. त्यानंतर अळीतील डोळ्याची चकती चिमट्याने अलगद वेगळी करून रंगवायची, छायाचित्रे घ्यायची आणि ठिपके मोजायचे, हा संशोधक विद्यार्थ्याचा नित्यक्रम असतो.

भारतात या माशीच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात माशीच्या गंध व चव यांच्या जनुकांवर पायाभूत काम केले. आज पुण्याची आयसर, बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथेही फळमाशी अभ्यासली जाते. पांढरे ठिपके टिकलेली माशी काचनळ्यांच्या रांगेत नजरेतून निसटली असती, तर ‘एक्सआरपी१’ची ही भूमिका तेव्हा अज्ञातच राहिली असती.