चवडा चाकाला अडतो तेव्हा

नवी रोड बाइक घेऊन निघालेली मुलगी सोसायटीच्या फाटकापाशी सावकाश वळते. हँडल बरंच फिरतं, पुढे आलेल्या बुटाचं टोक टायरला घासतं आणि ती दचकून पाय टेकते. सायकल सदोष निघाली, असंच तिला वाटतं. सायकलवाले याला ‘टो ओव्हरलॅप’ म्हणतात. लहान मापाच्या रोड बाइकमध्ये तो सर्रास आढळतो.

आजोबांच्या काळ्या सायकलीला ही अडचण नव्हती. चाक मोठं, २८ इंची. पण पुढचा चिमटा चांगला तिरका, त्यामुळे ते पायापासून लांब राहायचं. रोड बाइक चटकन वळावी म्हणून तिचा चिमटा उभट आणि सांगाडा आखूड ठेवतात.

ढोबळ हिशेब असा: क्रँक १७० मिलिमीटर, पेडलच्या आसापुढे येणारा बूट सुमारे १००, टायरसकट ७०० सी चाकाची त्रिज्या जवळपास ३३५. बेरीज ६०५. छोट्या फ्रेममध्ये क्रँकच्या आसापासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर पुष्कळदा ६०० च्या आतच असतं. फ्रेम लहान होते, चाक तेवढंच राहतं. त्याचा त्रास कमी उंचीच्या स्वारांना, विशेषतः स्त्रियांना होतो. मडगार्ड लावला की जागा आणखी घटते.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८० च्या दशकात यावर थेट उपाय केला. स्त्रियांसाठी बनवलेल्या त्यांच्या छोट्या सायकलींना मागे ७०० सी आणि पुढे २४ इंची चाक असे. तिथल्या सुरक्षा नियमानुसार पाय अडकवून न ठेवणारं पेडल आणि पुढचं टायर यांच्यात किमान ८९ मिलिमीटर अंतर लागतं. पाय अडकवणाऱ्या पेडलच्या सायकलींना ही अट नाही.

वेगात हा धोका जवळपास उरत नाही, कारण तेव्हा सायकल कलवून वळते आणि हँडल जेमतेम काही अंश फिरतं. जपायचं ते यू-टर्नला, गर्दीत आणि चढावर. फिक्स्ड गिअरच्या सायकलीवर अधिकच, कारण तिथे पेडल थांबवता येत नाही.

डावीकडे वळताना चाकाचा मागचा भाग उजवीकडे येतो. अशा वेळी पेडल मारणं थांबवा आणि उजवा पाय खाली ठेवा. उजवीकडे वळताना डावा. खरेदीआधी नेहमीचे बूट घालून दुकानासमोर एक सावकाश फेरी मारा. मात्र केवळ चवडा लागतो म्हणून आपल्या मापाची फ्रेम सोडून मोठी घेऊ नका. वळणाची ही सवय थोड्या सरावाने लागते. चुकीच्या मापाची सायकल रोज पाठ दुखवते.