गावाच्या पाटीवरचा शिपाई

सोलापूर रस्त्याने इंदापूर मागे टाकलं की उजनी धरणाच्या खाली भीमा ओलांडून आपण माढा तालुक्यात शिरतो. जिल्हा बदलतो, बाकी फारसं काही बदलत नाही. तोच ऊस, धरणाच्या पाण्यावरून तीच भांडणं आणि नदीच्या दोन्ही काठांच्या जुन्या सोयरिकी. या माढा तालुक्यात सुलतानपूर नावाचं एक लहानसं गाव होतं. गाव जागेवरच आहे, पण २०२२ साली त्याचं नाव राहुलनगर झालं. राहुल म्हणजे राहुल शिंदे, राज्य राखीव पोलीस दलाचा शिपाई. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ताज हॉटेलात जे पोलीस सुरुवातीलाच शिरले, त्यांत तो होता. अतिरेक्यांची गोळी लागून तो गेला. मरणोत्तर राष्ट्रपती पोलीस पदक मिळालं. गावाचं नाव बदलावं यासाठी मात्र त्याच्या वडिलांना वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला.

इतका वेळ का लागावा? चौकाला नाव द्यायला नगरपालिकेचा एक ठराव पुरतो, म्हणून तर आपल्याकडे नावाचे चौक इतके झाले आहेत. गावाचं नाव हे वेगळं प्रकरण आहे. ग्रामसभेचा ठराव जिल्हा प्रशासनामार्फत मंत्रालयात जातो आणि तिथून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे ना-हरकतीसाठी जातो. रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं म्हणणं घेतलं जातं. याच नावाचं दुसरं गाव जवळपास असेल तर टपालाचा आणि नकाशाचा घोळ होतो, म्हणून ही चौकशी. शिवाय केंद्राची १९५३ची मार्गदर्शक तत्त्वं अशा बदलांना मुळातच फारशी अनुकूल नाहीत. एवढ्या चाळणीतून एका शिपायाचं नाव पार पडलं, याचं मला अप्रूप वाटतं. मंत्र्यासंत्र्यांची नावं विद्यापीठांना आणि उड्डाणपुलांना लागतात, त्यांच्यासाठी पाठपुरावा करायला माणसांची कमी नसते. इथे पाठपुरावा करणारा एक बाप होता. आता ते नाव सातबाऱ्यावर येईल, मतदारयादीत येईल, एसटीच्या पाटीवर येईल. ज्यांना राहुल कोण हे माहीत नाही, त्यांनाही ते रोज उच्चारावं लागेल.

त्याच हल्ल्यात गेलेले अशोक कामटे मुंबईत येण्याआधी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, त्यामुळे या रस्त्यावरच्या लोकांना त्यांचं नाव आधीपासून ठाऊक होतं. पोलिसी त्यांच्या घरातलीच. आजोबा ना. मा. कामटे हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. २६ जानेवारी २००९ला हेमंत करकरे, कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे या चौघांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. शांतताकाळात शौर्यासाठी दिला जाणारा हा देशातला सर्वोच्च सन्मान. ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. हातात काठी असताना त्यांनी गिरगाव चौपाटीवर अतिरेकी कसाबची रायफल पकडून ठेवली आणि तो जिवंत हाती लागला. २०२१मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. पुतळे, पदकं, टपाल तिकिटं हे सगळं ओळखीचं आहे. शास्त्रज्ञांनी आपल्या यादीत एका सहायक फौजदाराला जागा दिली, हे मला त्या सगळ्यांहून हृद्य वाटतं.

कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी मात्र सन्मानाचा वेगळाच अर्थ लावला. कामटे गेले त्या, कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत त्या रात्री नेमकं काय घडलं, मदत कधी मागितली आणि ती का पोहोचली नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. अशोकचक्र मिळालं म्हणून हा प्रश्न संपत नव्हता. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी नियंत्रण कक्षाच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि त्या ताडून पाहून, पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह २००९मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. खात्याला ते सोयीचं नव्हतं. पण गेलेल्या माणसाचा मान राखायचा तर तो कसा गेला हे आधी नीट लिहून ठेवावं लागतं. मरणाची हकीकत गुळगुळीत करून टाकली की पुढच्या शिपायाला त्यातून काहीच मिळत नाही, साधं चांगलं बुलेटप्रूफ जॅकेटसुद्धा नाही.

सरकारी पातळीवर या स्मरणाचा एक ठरलेला दिवस आहे, २१ ऑक्टोबर. त्याचा उगम आपल्या बारामती-इंदापूर भागापासून फार दूर, लडाखमध्ये आहे. १९५९ साली तिबेटच्या सीमेवर सैन्य नव्हतं, पहारा पोलिसांचाच होता. २० ऑक्टोबरला हॉट स्प्रिंग्ज इथून टेहळणीला गेलेल्या तुकड्यांपैकी एक परत आली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली शोधपथक निघालं. टेकडीवर दबा धरलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. त्यांचे मृतदेह चीनने परत दिले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त काळाने. पुढच्या जानेवारीत राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन पाळायचं ठरलं. दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहायला मात्र २०१८ उजाडलं. तिथे तीस फूट उंचीची, २३८ टनांची ग्रॅनाइटची शिळा आहे. उद्घाटनाच्या वेळी तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर गेलेल्या ३४,८४४ पोलिसांची नावं कोरलेली होती.

दर वर्षी या दिवशी संचलन होतं, शोकशस्त्र होतं, बिगुल वाजतो. त्या सगळ्यात महत्त्वाची असते ती यादी. मागच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर मरण पावलेल्यांची नावं वाचली जातात. पुण्यात हा कार्यक्रम पाषाणला होतो. बारामतीहून ते शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून जास्त. भिगवणच्या किंवा वालचंदनगरच्या ठाण्यातला शिपाई त्या दिवशी तिथे असेलच असं नाही, गावातले लोक तर नाहीतच.

आणि या यादीत कोण येतं, हा खरा अवघड प्रश्न आहे. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ १ मे २०१९ला सुरुंगस्फोटात पंधरा जवान गेले, त्यांच्याबद्दल शंकेला जागाच नाही. पण ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत खारला वाहतूक शिपाई विलास शिंदे यांच्यावर हल्ला झाला, तो हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वार मुलाला अडवलं म्हणून. आठवड्याभराने ते गेले. शत्रू नव्हता, सीमा नव्हती, होता तो आपल्यातलाच कुणीतरी. पुढे करोना आला. राज्यात तीनशेहून अधिक पोलीस त्या आजाराने गेले आणि सरकारने कुटुंबांना पन्नास लाखांची मदत जाहीर केली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी शेवटचं काम केलं ते नाक्यावर उभं राहून लोकांना घरी पाठवण्याचं, आणि त्याबद्दल शिव्या खाण्याचं.

बारामती-इंदापूरच्या पोलिसाचं काम बहुतांशी याच दुसऱ्या प्रकारचं आहे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत जाते, तेव्हा काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण आणि बेलवाडीचं घोड्यांचं रिंगण आपण डोळे भरून पाहतो. रिंगणाकडे पाठ करून उभा असलेला शिपाई ते पाहत नाही. एरवी महामार्गावरची रात्रगस्त, नदीपात्रातल्या वाळूच्या गाड्या, निवडणुकीचा बंदोबस्त. यात जीव जातो तो बहुधा ट्रकखाली किंवा सलग ड्युटीनंतर छातीत कळ येऊन. अशा मरणाला पदक नसतं. घरच्यांच्या वाट्याला अनुकंपा नोकरीची फाईल येते, आणि आज ना उद्या सोडावं लागणारं सरकारी क्वार्टर.

याच दोन तालुक्यांतली शेकडो पोरंपोरी पहाटे रस्त्याकडेला धावताना दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. राखीव दलाला जायचं तर पाच किलोमीटर. हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात, राहुल शिंदे यांचं नाव असेल असं वाटत नाही. त्यांच्या अकॅडमीच्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात आणि त्यांच्या वर, जरा मोठे, स्थानिक नेत्यांचे.

खर्चाचं काही सुचवत नाही. येत्या २१ ऑक्टोबरला बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, भिगवण, वालचंदनगर आणि इंदापूर या ठाण्यांच्या आवारात शाळेची चार मुलं, अकॅडमीतली पोरं आणि गावकरी बोलावून आपल्या भागातून गेलेल्या पोलिसांची नावं वाचावीत. दहा मिनिटांचं काम आहे. अतिरेक्यांच्या गोळीने गेलेल्याच्या शेजारीच नाकाबंदीत गाडीखाली आलेल्याचं नाव असावं. प्रत्येक नावापुढे तो कोणत्या कामावर होता, कसा गेला, हे एका वाक्यात यावं. ते वाक्य ठाण्याच्या दप्तरातून घ्यावं, आणि लिहिण्याआधी घरच्यांनाही विचारावं.